ठाण्याच्या हवेत घरातले प्रवाळ जगवताना

घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या घरात २०० लिटरची प्रवाळांची टाकी आता आठव्या वर्षात आहे. या काळात जे प्रवाळ मेले, त्यांतला एकही पाण्यातला अमुक घटक जरासा कमी पडला म्हणून मेला नाही. दर वेळी काहीतरी एका दिवसात किंवा एका रात्रीत बदलले होते. मे महिन्यात तापमान चढले, आम्ही गावी असताना पाण्याचा खारेपणा वाढला, सोसायटीत टँकरचे पाणी आले, किंवा मीच एक चूक एका दमात सुधारायला गेलो. पुढे आकडे पुष्कळ येतील, पण ते गाठण्यापेक्षा गाठलेला आकडा हलू न देणे हे मोठे काम आहे. ठाणे आणि नवी मुंबईच्या हवेत तो कोणत्या ऋतूत कशामुळे हलतो, हे सांगण्यावर माझा भर राहील.

आणण्यापूर्वी

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते, ते प्रकाशातून अन्न बनवते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. पाणी फार तापले किंवा प्रकाश एकदम वाढला की हे सहजीवन मोडते, शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, तो उपाशी असतो. कारण लवकर दूर झाले तर काही आठवड्यांत रंग परत येऊ शकतो.

कायद्याची बाजू आधीच समजून घ्यावी, कारण ती दुकानात कोणी आपणहून सांगेलच असे नाही. दगडी सांगाडा बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखे हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून ते काढणे, विकणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. मालवणला पोहायला गेल्यावर आठवण म्हणून उचललेला प्रवाळाचा तुकडाही यात येतो, आणि तो टाकीत ‘जिवंत खडक’ (जिवाणू वसलेला खडक) म्हणून टाकण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. परदेशातून येणाऱ्या दगडी प्रवाळांचा व्यापार साइट्स या, धोक्यातल्या जिवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी जिवांची नोंदणी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. आयातीचे कागद दाखवता न येणाऱ्याकडून दगडी प्रवाळ घेऊ नये.

या सगळ्यामुळे, आणि निव्वळ सोपेपणामुळेही, नवशिक्याने मृदू प्रवाळांपासून सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. झोअँथिड, मश्रूम, लेदर कोरल आणि झेनिया यांना दगडी सांगाडा नसतो, ते पाण्यातल्या लहानसहान चढउतारांना पुरून उरतात, आणि ओळखीच्या छांदिष्टाकडून त्यांची फांदी, म्हणजे फ्रॅग, कढीपत्त्याच्या रोपासारखी सहज मिळते. माझ्या टाकीत आजही हेच आहेत, आणि त्यात मला काही कमी वाटत नाही.

टाकीच्या आत कोरडा किंवा कृत्रिम खडक रचून सुरुवात करावी. खडकावर जिवाणू स्थिरावून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर टाकीत काहीही सोडू नये. २०० लिटरच्या टाकीचे वजन खडक आणि स्टँडसह पावणेतीनशे किलोच्या घरात जाते, म्हणून ती खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, शक्यतो तुळईच्या वर येईल अशी ठेवावी. पश्चिमेच्या खिडकीसमोर मात्र कधीच ठेवू नये. दुपारचे ऊन पाणी तापवते आणि काचेवर शेवाळ चढवते.

पाणी कुठले

‘खाडी एवढी जवळ असताना मीठ विकत कशाला आणता?’ हा प्रश्न घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. ठाण्याच्या खाडीचे पाणी गाळाने भरलेले असते, त्यात शहराचे सांडपाणी मिसळते, आणि पावसाळ्यात नद्यानाल्यांच्या गोड्या पाण्याने त्याचा खारेपणा खूप उतरतो. ज्या चिखलामुळे तिथे फ्लेमिंगो येतात आणि ज्या पाणथळीला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला, तोच चिखल प्रवाळावर बसला तर तो गुदमरतो. म्हणून शुद्ध पाण्यात कृत्रिम सागरी मीठ मिसळणे हाच रास्त मार्ग आहे.

शुद्ध याचा अर्थ इथे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मापकावर शून्य. ठाण्याला भातशाचे आणि नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी येते. ते पिण्यास चांगले असले तरी त्यात निर्जंतुकीकरणाचे क्लोरीन असते, आणि जून-जुलैत त्यात इतका गढूळपणा असतो की एरवी काही महिने टिकणारा गाळणीचा पहिला कॅन्डल तीन आठवड्यांत तांबडा होतो. स्वयंपाकघरातला आरओ चालेल का, हाही नेहमीचा प्रश्न. चालत नाही, कारण पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून त्या यंत्रात थोडे कच्चे पाणी किंवा क्षार मुद्दाम परत मिसळलेले असतात. टाकीसाठी वेगळा आरओ बसवावा आणि त्याच्यापुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडावी. वाया जाणारे पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरता येते. आमच्याकडे त्यावरून बराच वाद झाल्यावर हा तोडगा निघाला.

टँकरचा अनुभव सांगतो. एका एप्रिलमध्ये सोसायटीत पाणीकपात झाली आणि इमारतीच्या वरच्या टाकीत टँकरने आणलेले बोअरवेलचे पाणी मिसळले गेले. ते जड पाणी रेझिनने चार दिवसांत संपवून टाकले, मी मात्र सवयीने मापक न लावता दोन आठवडे तेच पाणी टाकीत भरत राहिलो. झेनिया तीन दिवसांत विरघळून गेली. तेव्हापासून पाणी बनवताना दर वेळी टीडीएस मोजतो, आणि मापकावर एक जरी अंक दिसला तरी रेझिन बदलतो.

मिठाचे प्रमाण डब्यावर दिलेले असते. मिश्रण पंप लावून बारा ते चोवीस तास फिरवावे आणि टाकीच्या तापमानाला आणून मगच वापरावे. खारेपणा दर हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास ठेवावे. तो रिफ्रॅक्टोमीटरवर मोजावा, आणि ते उपकरण शुद्ध पाण्याने नव्हे तर ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावे. शून्यावर बरोबर दाखवणारे उपकरण ३५ वर दोनाने चुकू शकते. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणे मृदू प्रवाळांच्या टाकीला पुरते.

उन्हाळा, दमटपणा आणि वीज

टाकीचे तापमान २५ ते २६ अंश असावे. २७ चालते, २९ च्या वर काही दिवस राहिले तर धोका सुरू होतो. मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उन्हात बंद फ्लॅटमधली टाकी काहीही न करता ३१-३२ पर्यंत जाते, कारण खोलीच्या उष्णतेत पंप आणि दिवे स्वतःची भर घालतात.

पहिला आणि स्वस्त उपाय म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडणारा छोटा पंखा. एक लिटर पाण्याची वाफ होताना २०० लिटर पाण्यातून जवळजवळ तीन अंशांएवढी उष्णता निघून जाते, म्हणून कोरड्या हवेत पंखा उत्तम काम देतो. आपली अडचण अशी की जूनच्या मध्यापासून हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर जाते, वाफ होतच नाही आणि पंखा नुसता फिरत राहतो. बाहेर गारवा वाटतो म्हणून आपण निर्धास्त असतो आणि टाकी मात्र हळूहळू २९ वर जाऊन बसते. माझ्याकडे मे महिन्यापेक्षा जुलैत जास्त प्रवाळ फिके पडले, आणि त्याचे कारण समजायला मला दोन पावसाळे लागले.

त्यामुळे इथे चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, ही चैन नाही, पंखा ही तात्पुरती सोय आहे. २०० लिटरला एक दशांश अश्वशक्तीचा चिलर सहसा पुरतो, पण दगडी प्रवाळांसाठी तेजस्वी दिवे लावणार असाल तर एक पायरी मोठा घ्यावा. तो टाकीखालच्या कपाटात बंद करू नये. पाण्यातून काढलेली उष्णता तो बाहेर टाकतो, आणि कपाटात ती साठली की स्वतःच्याच उष्णतेत तो गुदमरतो. त्याला खिडकीजवळ, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवावे आणि महिन्यातून एकदा त्याच्या जाळीवरची धूळ झाडावी. हीटरही ठेवावा, हे ऐकून लोक हसतात. डिसेंबर-जानेवारीत येऊरच्या बाजूने थंड वारा सुटला की पहाटे खोली २१-२२ अंशांवर येते. दिवसाचा आणि रात्रीचा हा फरक प्रवाळांना नुसत्या थंडीपेक्षा जास्त जाचतो. १०० वॅटचा, स्वतः बंद होणारा हीटर वर्षातून दहा-पंधरा रात्रीच चालतो, पण त्या रात्री तो लागतो.

वीज गेल्यावर पहिली गरज थंडाव्याची नसते, पाणी हलते ठेवण्याची असते, कारण थांबलेल्या पाण्यातला प्राणवायू दोन-तीन तासांतच कमी होऊ लागतो. घरच्या इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर जोडून ठेवावा. दहा-पंधरा वॅटचा तो पंप रात्रभर सहज चालतो. चिलर इन्व्हर्टरवर टाकू नये, तो बॅटरी लवकर रिकामी करतो. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेवावा. वीज लांबली तर फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या कामी येतात. एक लिटरची गोठलेली बाटली २०० लिटर पाणी साधारण अर्धा अंश उतरवते, त्यामुळे हिशेब सोपा आहे: तासाला एक, आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त नाही. आमच्या आवारातला ट्रान्सफॉर्मर मे महिन्यात जळाला तेव्हा नऊ तास मी हेच केले, आणि मागच्या इमारतीतल्या दोन घरांकडून बाटल्या उसन्या आणल्या.

चुना, सोडा आणि वही

पाण्यात तीन गोष्टींकडे लक्ष असावे: अल्कलिनिटी (आम्ल पचवून पीएच टिकवून धरण्याची पाण्याची क्षमता, ती डीकेएच या एककात मोजतात) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५०. सांगाडा बांधताना प्रवाळ हे घटक ठरावीक प्रमाणात खर्च करतात. अल्कलिनिटी एक डीकेएच उतरली की कॅल्शियम सुमारे सात मिलिग्रॅम उतरलेले असते. अल्कलिनिटी सर्वांत आधी आणि सर्वांत ठळकपणे हलते, म्हणून एकच टेस्ट किट घेण्याइतके पैसे असतील तर तिचे घ्यावे आणि आठवड्यातून दोनदा, शक्यतो एकाच वेळी, मोजून वहीत लिहावे. मोबाइलमधल्या नोंदी मी पुन्हा कधी उघडत नाही. टाकीच्या बाजूला दोऱ्याने बांधलेली वही मात्र रोज दिसते.

नुसत्या मृदू प्रवाळांच्या टाकीत पाणी बदलूनच हे घटक भरून निघतात आणि वरून काही घालावे लागत नाही. दुकानातून पहिल्याच महिन्यात चार बाटल्या उचलून आणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. कागदपत्रे नीट असलेले दगडी प्रवाळ वाढू लागले आणि वहीतला आकडा आठवड्यागणिक उतरताना दिसला, तरच भर घालण्याचा विचार करावा. खाण्याचा सोडा हे त्यासाठीचे साधे रसायन आहे; १०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी एक डीकेएचने वाढवायला तो तीन ग्रॅम लागतो. तो आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवून वाहत्या जागी सावकाश ओतावा. बेकिंग पावडर हा वेगळा पदार्थ आहे, त्यात इतरही घटक असतात, ती टाकीत जाता कामा नये. दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त वाढ कधीही करू नये, मग आकडा कितीही खाली गेलेला असो. सहावरून नऊवर एका संध्याकाळी आणण्याचा पराक्रम मी केला आहे, आणि दुसऱ्या दिवशी लेदर कोरल जो मिटला तो दोन आठवडे उघडला नाही.

चुन्याची निवळी शाळेच्या प्रयोगशाळेत सर्वांनी पाहिलेली असते, तीच इथे कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही देते. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास आरओच्या पाण्यात ढवळून, तळाचा गाळ बसू देऊन, वरचे निवळ पाणी रात्री थेंबाथेंबाने सोडावे. त्याचा पीएच बाराच्या वर असतो, म्हणून हातमोजे घालावेत आणि ते भस्सकन ओतू नये. पानाच्या डबीतला चुना वापरू नये, त्यात आणखी काय आहे हे कळायला मार्ग नाही. रात्री एसी लावून दारेखिडक्या बंद केल्या की घरातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पहाटे टाकीचा पीएच ७.८ च्या खाली उतरतो. यावर औषध म्हणजे खिडकीची एक फट उघडी ठेवणे. पीएच वाढवण्याच्या बाटल्यांचा इथे उपयोग नाही.

नायट्रेट लिटरला २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम यांच्या दरम्यान राहू द्यावे. दोन्ही शून्यावर नेण्याचा हव्यास धरला तर प्रवाळ उपाशी राहतात आणि तपकिरी, चिकट डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्मजीवांचा थर वाळूवर पसरतो. एक स्किमर (बुडबुड्यांच्या फेसात पाण्यातली घाण वेगळी काढणारे यंत्र), मोजके मासे आणि मोजके अन्न एवढ्याने हे जमते.

प्रकाश आणि प्रवाह

‘पार’ (PAR), म्हणजे शैवालाला उपयोगी पडणारा प्रकाश, मोजणाऱ्या मापकावर मृदू प्रवाळांना ५० ते १५० पुरते, दगडी फांदेरी प्रवाळांना २०० च्या पुढे लागते. दिवे आठ ते नऊ तास, टायमरवर. नवा प्रवाळ आधी तळाशी ठेवून आठवड्याला एक पायरी वर न्यावा. प्रवाह एकाच दिशेने झोडपणारा नसावा, इकडून तिकडे झुलवणारा असावा. पॉलिप (प्रवाळाचे फुलासारखे उघडणारे एकेक जीव) एका बाजूला सतत वाकलेले दिसले तर वेव्हमेकर वळवावा.

प्रवाळ काय सांगतो

रोज दोन मिनिटे नुसते पाहत बसण्याला पर्याय नाही. रंग तपकिरी होत गेला तर पोषकद्रव्ये जास्त किंवा प्रकाश कमी. फिका होत गेला तर नेमके उलट, किंवा उष्णता. मांसल भाग बुडापासून सुटत वर सरकला तर बहुधा अल्कलिनिटी हललेली असते. लेदर कोरल दोन-चार दिवस मिटून वर मेणासारखा पापुद्रा आणतो, तेव्हा घाबरू नये, तो कात टाकत असतो. प्रवाह जरा वाढवला की पापुद्रा गळतो. हाच प्रवाळ शेजाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी पाण्यात रसायने सोडतो, म्हणून त्याच्याबरोबर इतर काही असेल तर सक्रिय कोळशाची पिशवी महिन्याला बदलत राहावी.

नवा फ्रॅग थेट टाकीत टाकू नये. आयोडीनच्या द्रावणात बुडवून, हलवून, मग आठवडाभर वेगळ्या भांड्यात पाहून घ्यावा. झोअँथिड खाणाऱ्या गोगलगायी आणि चपटे कृमी असेच घरात येतात. ऐप्टेशिया नावाचे खोटे फूल दिसले तर ते खरवडू नये, तुटलेल्या प्रत्येक तुकड्यातून नवे उगवते. पेपरमिंट कोळंबी ते खाते, किंवा दाट चुना सिरिंजने त्याच्या तोंडात भरावा.

एका गोष्टीबद्दल मी कधीही थट्टा करत नाही. काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत तीव्र विष असते. ते कापताना हातमोजे आणि चष्मा घालावा, बोटावर जखम असेल तर हात लावू नये, आणि ज्या खडकावर ते वाढले आहेत तो खडक कधीही उकळू नये किंवा गरम पाण्याखाली घासू नये. त्या वाफेतून विष श्वासात जाते आणि घरातली सगळी माणसे एकदम रुग्णालयात पोहोचू शकतात.

पावसाळ्यात डासांसाठी होणारी धूरफवारणी हा आपल्याकडचा खास धोका. त्या धुरातले कीटकनाशक कोळंबी आणि खेकड्यांना आधी मारते, आणि हवेचा पंप व स्किमर ते खोलीतून ओढून पाण्यात मिसळतात. फवारणीची गाडी आवारात आली की खिडक्या बंद कराव्यात, स्किमर तासभर थांबवावा आणि कोळसा नवा घालावा. डासांचे द्रव यंत्र टाकीच्या खोलीत लावूच नये, मच्छरदाणी लावावी.

गणपतीला गावी जाताना

पंख्यासह २०० लिटरची टाकी दिवसाला चार लिटर पाणी सहज गमावते. मीठ उडत नाही, पाणी उडते, त्यामुळे तीन दिवसांत खारेपणा ३५ वरून ३७ च्या वर जातो. कोकणात सात दिवस राहायचे असेल तर आपोआप पाणी भरणारे ऑटो टॉप-ऑफ यंत्र लागतेच, आणि त्याच्या पिंपात तीस लिटर गोडे आरओ पाणी ठेवावे, खारे नव्हे. निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी ते बसवून पाहावे; त्याचा फ्लोट अडकला तर सगळे पिंप टाकीत रिकामे होते, म्हणून तीसपेक्षा मोठे पिंप जोडू नये.

शेजारच्या काकूंना किल्ली देताना एका कागदावर तीनच गोष्टी लिहून जातो: तापमान २८ च्या वर दिसले तर फोन करा, पिंपातले पाणी खुणेच्या खाली गेले तर फोन करा, आणि वेव्हमेकर थांबलेला दिसला तर लगेच फोन करा. माशांचे खाणे एकेका दिवसाच्या पुडीत बांधून ठेवतो, आणि डबा कपाटात कुलपाआड ठेवतो. काकूंचा जीव माशांवर आहे, आणि त्यांना ते नेहमीच भुकेलेले दिसतात.